मोबाइलची कंपनी निवडताना : दर्यापूरच्या शेतकऱ्यासाठी काही विचार

बैलजोडी घेण्यासाठी बाजारात गेलेला शेतकरी दलालाच्या शब्दावर कधी विसंबत नाही. तो बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, त्याला चालवून पाहतो, आणि शक्य असल्यास जुंपूनही पाहतो. बियाण्याच्या बाबतीतही जाणता शेतकरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, किती उगवले ते मोजतो आणि मगच पेरणीचा विचार करतो. असे असता, ज्या मोबाइल फोनवर आज पिकाच्या नोंदीपासून कापसाच्या विक्रीपर्यंतची कामे येऊन ठेपली आहेत, त्याची सेवा कोणत्या कंपनीकडून घ्यावी हा निर्णय मात्र तोच शेतकरी दर्यापूरच्या एखाद्या दुकानात, उभ्या उभ्या, दुकानदार म्हणेल तसा करून मोकळा होतो. मेहुण्याने घेतले म्हणून घेतले, फुकट मिळाले म्हणून घेतले, अशीच उत्तरे बहुधा ऐकावयास मिळतात. हा विषय कृषिपत्रिकेत कशाला, असे कोणी विचारील. आमच्या मते तो येथेच असावयास हवा. फोन आता शेतीच्या अवजारांत मोडतो, आणि अवजाराची पारख करूनच ते घ्यावे हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत.

प्रथम फोनवर काय काय अवलंबून आहे ते पाहू. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या वावरात उभे राहून, पिकाचे छायाचित्र घेऊन, शेतकऱ्याने स्वतः नोंद करावयाची अशी ही पद्धत आहे. किमान आधारभूत किमतीने कापूस विकावयाचा तर भारतीय कापूस महामंडळाने २०२५ च्या हंगामापासून ‘कपास किसान’ या अॅपवर नोंदणी करावयास लावली. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीची ई-केवायसी ओटीपीने होते, आणि तो ओटीपी आधारला जोडलेल्या क्रमांकावरच येतो. खरीप २०२४ पर्यंत राज्याच्या पीक विम्यात अशी अट होती की, गारपीट किंवा पूर यांसारख्या स्थानिक आपत्तीने नुकसान झाल्यास ७२ तासांच्या आत सूचना द्यावी. त्या काळात रेंज नाही म्हणून तीन दिवस हातचे जाणे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले त्यांना वेगळे सांगावयास नको. याखेरीज वीज पडण्याची पूर्वसूचना देणारे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ अॅप आहे. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक २००४ पासून चालू आहे. रात्री जागलीवर असताना साप चावला तर १०८ ला बोलवावयाचे तेही याच फोनने.

दर्यापूर तालुक्याला ही गोष्ट अधिक लागू पडते, त्याचे कारण येथल्या जमिनीत आहे. पूर्णा खोऱ्यातील हा खारपाणपट्टा आहे. जमीन काळी, खोल, चिकण. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की पांदण रस्ते गुडघाभर चिखलात जातात, आणि मग येवदा, वडनेर गंगाई, खल्लार, रामतीर्थ या बाजूच्या शेतकऱ्यास वावरातून पक्क्या रस्त्यावर येणे हेच एक काम होऊन बसते. एखादी नोंद अडली म्हणून तालुक्याला हेलपाटा घालावा लागला तर त्या दिवसाची मजुरी बुडते, डवरणी खोळंबते. रेंज असेल तर तेच काम धुऱ्यावर बसून होते. दुसरे असे की, विहिरीचे पाणी खारे असल्याने बरीचशी शेती पावसावरच आहे. सबब पैसा हातात येतो तो वर्षातून एकदा, कापूस, तूर आणि हरभरा विकला म्हणजे. दर महिन्याला पगार घेणाऱ्या माणसासाठी आखलेला रिचार्ज अशा शेतकऱ्याला कसा परवडतो, हा प्रश्न निराळाच आहे. त्याकडे पुढे येऊ.

रेंजची परीक्षा कशी करावी? फोनच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या उभ्या रेषांवर भिस्त ठेवू नये. रेषा चार दिसतात आणि बोलताना शब्द तुटतो, असे पुष्कळदा घडते. टॉवर जवळ असला तरी त्यावर एकाच वेळी फार माणसे लागली की नेट रखडते. संध्याकाळी सातपासून दहापर्यंत गावातली सारी तरुण मंडळी फोन घेऊन बसलेली असतात. तेव्हा जे चालते तेच खरे. दुकानात दिसलेली रेंज ही दुकानाची रेंज होय. ती दर्यापुरात मिळेल, वावरात मिळेलच असे नाही.

आमची सूचना अशी आहे. शेजारच्या तीन-चार जणांनी, ज्यांच्याकडे निरनिराळ्या कंपन्यांची सिमे आहेत अशांनी, एका दिवशी एकत्र निघावे. प्रथम घरात, आतल्या खोलीत, दार लावून फोन लावून पाहावा. नंतर गोठ्याजवळ, विहिरीवर, आणि सर्वांत दूरच्या धुऱ्यावर. जेथे रात्री रोही व डुकरे हाकलण्यासाठी जागल करतात ती जागा विसरू नये, कारण फोनची खरी गरज तेथेच पडते. प्रत्येक ठिकाणी एक फोन लावून दोन मिनिटे बोलावे, एक छायाचित्र पाठवून पाहावे, आणि ते जाण्यास किती वेळ लागला हे वहीत टिपून ठेवावे. हेच सकाळी एकदा आणि रात्री आठच्या सुमारास एकदा करावे. चारही फोन एकाच प्रकारचे नसतील. तेव्हा शंका वाटल्यास एकाच फोनमध्ये सिमे आलटून पालटून घालावीत, म्हणजे दोष फोनचा की कंपनीचा हे कळते. एवढ्याने एक दिवस जाईल. तो वाया गेला असे कोणी समजू नये.

आणखी एक परीक्षा आहे, तिचा दिवस आपल्याला निवडता येत नाही. वीज जाते तेव्हा टॉवर बॅटरीवर चालतो. बॅटऱ्या जुन्या असल्या किंवा जनित्राला डिझेल नसले, तर तासा-दोन तासांत टॉवर मुका होतो. वादळवाऱ्यात वीज जाणे आणि फोनची गरज लागणे या दोन्ही गोष्टी नेमक्या एकाच वेळी येतात. म्हणून पुढच्या वेळी रात्रभर वीज गेली की कोणाचा फोन किती वाजेपर्यंत चालू होता, याची चौकशी सकाळी पारावर करावी. हे ज्ञान कोणत्याही जाहिरातीत मिळणार नाही.

कोणी विचारील की आपला तालुका सपाट आहे, वर मेळघाटासारखे डोंगर नाहीत, मग रेंज अडते कोठे? सपाटीचा फायदा आहे हे खरे. तथापि टॉवर दूर दूर असले की मधल्या शिवारात संकेत क्षीण होतो. शिवाय सर्वच लहरी सारख्या दूर जात नाहीत. रात्री शेजारच्या गावात भजन चालू असते तेव्हा मृदंगाचा घुमारा आपल्यापर्यंत येतो, टाळांचा बारीक नाद मात्र वाटेत विरून जातो. रेडिओ लहरींचेही काहीसे असेच आहे. ७००, ८०० वा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात आणि भिंतीतून आतही शिरतात. २३०० किंवा ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी माहिती अधिक वाहून नेतात, परंतु त्यांची धाव थोडी असते. १ ऑक्टोबर २०२२ पासून देशात ५जी सेवा सुरू झाली आणि शहरांत तिचा गाजावाजा पुष्कळ झाला. मात्र तिचा बराच भाग या वरच्या लहरींवर चालतो. शिवारात फोनवर ‘५जी’ असे अक्षर क्षणभर दिसते आणि जाते, अशी जागा असेल तर फोन ४जीवर लावून ठेवणे बरे. बॅटरीही अधिक टिकते. टिनाचे छप्पर आणि सिमेंटचा स्लॅब या दोन्हींनी रेंज घटते. बाहेर फोन लागतो आणि घरात लागत नाही, याचे कारण बहुधा तेच असते.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू केलेल्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीने आपल्या सेवेचा नकाशा आपल्या संकेतस्थळावर ठेवावयाचा आहे. २जी कोठे, ४जी कोठे, ५जी कोठे हे त्यात रंगाने दाखवलेले असते. मुलास किंवा पुतण्यास सांगून आपले गाव त्यात अवश्य पाहावे. पण नकाशा हा बियाण्याच्या पिशवीवरील चिठ्ठीसारखा आहे. तो वाचावा, आणि उगवण घरी तपासावी.

आता फोन आणि सेवा यांचा मेळ. ही बाब दुकानदार सहसा सांगत नाहीत आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. वडीलधाऱ्या माणसांकडे बटणांचा साधा फोन असतो, आणि त्यातले पुष्कळसे जुने फोन केवळ २जीवर चालतात. ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झालेल्या जिओची सेवा आरंभापासून ४जीची आहे. २जीचे तिच्यात नाव नाही. तिच्यासाठी ४जीचाच फोन हवा, मग तो बटणांचा असला तरी चालेल. एअरटेल व व्ही यांनी २जी चालू ठेवून आपले ३जी मात्र आवरते घेतले. म्हणून त्या काळात घेतलेला ३जीचा फोन या जाळ्यांत बोलण्यापुरताच, तोही २जीवर, उपयोगी पडतो. बीएसएनएलची देशी तंत्रज्ञानावरील ४जी सेवा २७ सप्टेंबर २०२५ रोजी राष्ट्रास अर्पण करण्यात आली. तिचे दर बहुधा इतरांहून कमी असतात. पूर्वी ज्यांनी हे सिम नेट चालत नाही म्हणून बाजूस ठेवले, त्यांनी आपल्या गावच्या टॉवरवर ४जी आली किंवा नाही हे पुन्हा एकदा तपासून पाहण्यास हरकत नाही. कोणत्याही एका कंपनीची शिफारस करणे हा आमचा हेतू नाही. एका गावात जी चांगली ती पूर्णेपलीकडच्या गावात निरुपयोगी असू शकते.

हाच विचार विहिरीवरच्या मोबाइल स्टार्टरलाही लागू आहे. पंप घरून चालू-बंद करता यावा म्हणून ज्यांनी पेटीत सिमचे यंत्र बसवले आहे, त्यांनी ते यंत्र २जीचे आहे की ४जीचे हे त्याच्या कागदावर पाहावे. बाजारातील पुष्कळशी जुनी यंत्रे २जीचीच आहेत. त्यांत २जी नसलेल्या कंपनीचे सिम घातले तर ते मुळी जागेच होणार नाही, आणि शेतकरी दोष पंपाला देत बसेल. रात्रपाळीची वीज असताना अंधारात विहिरीवर जाणे ज्याच्यामुळे टळते, त्या सिमची मुदत संपू देऊ नये. मुलांच्या फोनचा रिचार्ज लक्षात राहतो, पेटीतल्या सिमचा राहत नाही. म्हणून त्याची तारीख पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवावी.

खर्चाकडे वळू. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पहिला मोबाइल संवाद झाला, तेव्हा मिनिटाला रुपये मोजावे लागत आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. ते दिवस गेले. बोलणे आता जवळजवळ मोफत झाले आहे आणि पैसे पडतात ते सेवा चालू ठेवण्याचे. म्हणूनच मिनिटाचा हिशेब सोडून दिवसाचा हिशेब करावयास शिकले पाहिजे. २८ दिवसांचा रिचार्ज म्हणजे महिना नव्हे. वर्षाचे बारा महिने असले तरी २८ दिवसांचे रिचार्ज तेरा होतात. तेराव्या वेळचे पैसे कोठे गेले, हे कोणी विचारीत नाही. या तक्रारी पुष्कळ झाल्यावर ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला की प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा निदान एक रिचार्ज ठेवावा, आणि दर महिन्याच्या त्याच तारखेस करता येईल असाही एक ठेवावा.

दुसरा महत्त्वाचा बदल २३ डिसेंबर २०२४ चा. ज्यांना नेट नको आहे अशांसाठी केवळ बोलणे व एसएमएस एवढ्यापुरता रिचार्ज प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे, आणि त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते, असे ट्रायने ठरवून दिले. साध्या फोनवर जे फक्त बोलतात, त्यांनी डेटाचे पैसे का भरावे? आमच्या मते हा बदल ग्रामीण भागासाठी मोलाचा आहे, आणि दुर्दैवाने तो अजून घरोघरी पोहोचलेला नाही. दुकानदार डेटाचाच रिचार्ज पुढे करतो. शेतकऱ्याने नाव घेऊन मागावा.

उदाहरणादाखल त्या वेळचे दर घेऊ. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर एअरटेलचा २८ दिवसांचा १९९ रुपयांचा रिचार्ज होता. तो वर्षातून तेरा वेळा केला तर २,५८७ रुपये होतात. त्याच कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये केवळ बोलणे व एसएमएस यांचा ३६५ दिवसांचा रिचार्ज १,८४९ रुपयांस काढला. फरक ७३८ रुपयांचा. घरात असे दोन फोन असले तर १,४७६ रुपये वाचतात, आणि एवढ्यात फवारणीचे एखादे औषध येते. त्याच महिन्यात जिओचा तशाच प्रकारचा रिचार्ज १,७४८ रुपयांस निघाला. सकृद्दर्शनी तो १०१ रुपयांनी स्वस्त दिसतो. परंतु त्याची मुदत ३३६ दिवसांची होती. भाग देऊन पाहिले तर पहिला दिवसाला सुमारे ५ रुपये ७ पैसे आणि दुसरा सुमारे ५ रुपये २० पैसे पडतो. म्हणजे जो स्वस्त दिसला तोच किंचित महाग निघाला. दर वेळोवेळी बदलतात, तेव्हा आजचा आकडा दुकानातून घ्यावा. मात्र भागाकार घरी करावा. रुपयांस दिवसांनी भागणे एवढेच गणित आहे, आणि ते पाचवीतला मुलगाही करून देईल.

वर्षाचा रिचार्ज कधी करावा, याविषयी आमचे स्पष्ट मत आहे. कापसाचे पहिले पैसे हाती येतील तेव्हा. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत घरात पैसा असतो, आणि खर्चालाही तेव्हाच वाटा फुटतात. लग्नकार्य, सोयऱ्यांची देणी, दुकानाची उधारी यांत तो निघून जातो. मग ज्येष्ठ-आषाढात, पेरणीच्या ऐन धांदलीत, रिचार्ज संपतो आणि उधारीवर बियाणे आणणाऱ्या घरात फोनसाठी दोनशे रुपये काढणे जिवावर येते. मुदत संपली की बाहेर फोन लागत नाही, आणि काही दिवसांत येणारे फोन व ओटीपीही थांबतात. नेमका हाच काळ खरिपाच्या कामांचा असतो. बियाणे-खताचे पैसे जसे हंगामानंतर लगेच बाजूस काढून ठेवावेत असे आम्ही सांगतो, तसेच हेही. मात्र वर्षाचे पैसे एकदम अडकवण्यापूर्वी वर सांगितलेली वावराची परीक्षा झालेली असावी. कंपनी बदलली तर उरलेल्या मुदतीचे पैसे परत मिळत नाहीत. नवीन कंपनी घेतली तर पहिला महिना लहान रिचार्ज करून अनुभव घ्यावा आणि मग वर्षाचा करावा.

एका घरात तीन फोन असतील तर तिन्हींची कंपनी एकच असावी, असा पुष्कळांचा आग्रह दिसतो. पूर्वी एकाच कंपनीत बोलणे स्वस्त पडे, त्या काळची ही सवय आहे. आता त्यात लाभ काही उरला नाही. उलट तोटा आहे. एका कंपनीचा टॉवर बंद पडला की सारे घर मुके होते. घरात निदान दोन कंपन्या असाव्यात हे आमचे मत आहे. सगळे वावर एकाच वाणाखाली आणू नये असे आपण म्हणतो, त्याच न्यायाने. सालदाराच्या फोनचाही यात विचार व्हावा. तोच वावरात सर्वाधिक वेळ असतो. संकटसमयी ११२ हा क्रमांक आपल्या कंपनीची रेंज नसतानाही, आपला फोन धरू शकेल असे दुसऱ्या कंपनीचे जाळे तेथे असल्यास, लागू शकतो हेही घरात सर्वांना सांगून ठेवावे.

कंपनी बदलावयाची ठरली तर नवीन क्रमांक मुळीच घेऊ नये. येथे आम्हांस जरा कडक बोलावे लागत आहे. फुकट सिमच्या मोहाने क्रमांक बदलणारा शेतकरी पुढे सहा महिने आपल्या चुकीची फेड करीत असतो. आधार, बँक, शेतकरी ओळख क्रमांक, किसान सन्मान निधी या सर्वांना जुना क्रमांक जोडलेला असतो. जुने सिम वापराविना बंद पडते, आणि तो क्रमांक कालांतराने दुसऱ्याच कोणाला दिला जातो. मग आपला ओटीपी परक्याच्या फोनवर जातो, आणि तो दुरुस्त करण्यासाठी आधार केंद्रावर व बँकेत रांगा लावाव्या लागतात. याला उपाय २० जानेवारी २०११ पासून देशभर उपलब्ध आहे. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. आपल्या फोनवरून इंग्रजीत ‘पोर्ट’ हा शब्द, एक जागा सोडून आपला दहा आकडी क्रमांक, असा संदेश १९०० या क्रमांकावर पाठवावा. आठ अक्षरांचा एक संकेतांक येतो. तो आपल्याकडे साधारणतः चार दिवस चालतो. तेवढ्यात तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जावे. डिसेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे एकाच परिमंडळात हे काम तीन कामकाजाच्या दिवसांत होते. अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे महाराष्ट्र परिमंडळातच येत असल्याने मूर्तिजापूरचे सिम दर्यापुरात बदलण्यास अडचण नाही. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावेत. सिम हरवल्यामुळे किंवा बिघडल्यामुळे नवे घेतले असेल, तर जुलै २०२४ पासूनच्या नियमानुसार सात दिवस हा संकेतांक मिळत नाही. फसवणूक करून दुसऱ्याचा क्रमांक पळवणाऱ्यांना आळा बसावा म्हणून ही अट घातली आहे. बदलाच्या वेळी फोन काही तास बंद राहतो. यास्तव कापूस नोंदणीची किंवा ई-पीक पाहणीची शेवटची तारीख जवळ आली असताना हे काम काढू नये. उन्हाळवाहीच्या दिवसांत, मार्च-एप्रिलात करावे.

ज्या गावात कोणत्याच कंपनीची धड रेंज नाही, तेथे निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही हे आम्ही जाणतो. अशा गावाकडून ओटीपीची अपेक्षा धरणाऱ्या कचेऱ्यांनीही हे जाणले पाहिजे, आणि नोंदीच्या शिबिरासाठी माणसे गावात पाठवली पाहिजेत. गावकऱ्यांच्या हाती जे आहे ते असे. प्रत्येकाने आपल्या कंपनीच्या १९८ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येते, आणि त्यास खर्च पडत नाही. नुसते पारावर बोलून टॉवर येत नाही. चाळीस तक्रारींचे चाळीस क्रमांक आणि वावरातल्या परीक्षेची वही ग्रामसभेपुढे ठेवावी, त्यावर ठराव करावा, आणि ठरावाची एक प्रत कंपनीस व एक तहसील कार्यालयास द्यावी. टॉवरसाठी गावठाणात कोठे जागा देता येईल, हेही त्याच ठरावात लिहावे.